द्वारकाचा चावा

सिस्टर फिलोमिना माझं मनगट नळाखाली धरून साबणानं चोळत होत्या. पाणी गुलाबी होऊन मोरीत जात होतं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"द्वारका. खिडकीजवळच्या खाटेवरची."

"चावली?"

"चावली."

बोलणं एवढंच झालं. सिस्टरांनी जखम पुसली, औषध लावलं. चार दातांच्या खुणा उमटल्या होत्या, तीन सरळ आणि एक जरा आडवी. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी रिपोर्टचं बुक उघडलं आणि दोन ओळी लिहिल्या. मला वाचता येत नव्हतं, पण आपण सांगितलेलं लिहिलं जातंय हे बघायला मला नेहमी बरं वाटायचं. मग मी वॉर्डात परत गेले, खाली पडलेली कात्री उचलली, पुसली आणि राहिलेल्या अकरा बायकांचे केस कापले.

द्वारकाला तोवर इंजेक्शन देऊन एकटीच्या खोलीत नेलं होतं. बाहेरून कडी.

ही तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डात मी आया होते. नवरा तिथल्याच बागेत माळी होता. तो गेल्यावर सरकारनं मला कामावर घेतलं. नाव अनुसया, पण वॉर्डात सगळ्या मावशीच म्हणायच्या. बायका साठ. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांचे केस कानाच्या वर कापायचे, हे माझं काम. जेवणाच्या घंटेआधी साठ डोकी उरकायची आणि एकीलाही कात्री लागू द्यायची नाही, याचा मला अभिमान होता. खोटं कशाला सांगू.

द्वारका त्या चाव्याच्या चार वर्षं आधी आली तेव्हा तिला कशाचंच भान नव्हतं. भिंतीशी बोलायची, ताटातलं अन्न शेजारणीच्या उशीखाली ठेवायची. पण गेली दोन वर्षं ती चांगली होती. शिवणखोलीत उशांचे अभ्रे शिवायची. सातवीपर्यंत शिकलेली होती, त्यामुळे दुपारी बायका तिच्याभोवती बसायच्या आणि ती कालचा पेपर वाचून दाखवायची. हसताना तोंडावर हात धरायची. मला वाटायचं, लाजते.

तिला सोडायचं की नाही हे कमिटी ठरवणार होती. कमिटी म्हणजे बाहेरचे चार-पाच मोठे लोक. ते तीन महिन्यांनी एकदा येत, वॉर्ड बघत आणि कोणाला घरी पाठवायचं ते लिहून देत. त्या गुरुवारी द्वारकाचा नंबर होता. तिच्या भावाचं, नामदेवचं, पत्र आलं होतं की बहीण शांत आहे असं कमिटीनं लिहून दिलं तरच मी तिला घरी नेईन, नाहीतर नाही. घरी तिची आई होती. म्हातारीची नजर गेली होती. मुलगी मनोरुग्णालयात आहे हे कोणी तिला सांगितलंच नव्हतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात स्वयंपाकाला आहे, एवढंच सांगितलं होतं.

चार महिन्यांपूर्वी द्वारका मला म्हणाली होती, "मावशी, माझे केस राहू द्या. आई डोळ्यांनी बघत नाही, हातांनी बघते. मी गेले की पहिल्यांदा डोक्यावरून हात फिरवेल."

मी हो म्हटलं नाही, पण तिची पाळी आली की पुढच्या खाटेकडे जायची. असे तीन महिने गेले. तिचे केस मानेपर्यंत आले. ती तेल मागून घ्यायची आणि दोन बोटांएवढी वेणी घालायचा प्रयत्न करायची. वेणी सुटायची. बायका हसायच्या, तीही हसायची.

मग तो सोमवार आला. सकाळी सिस्टर म्हणाल्या की गुरुवारी कमिटी येतेय, साठ डोक्यांत एक डोकं वेगळं दिसलं तर विचारतील, आणि मग उत्तर कोण देणार? वॉर्ड एकसारखा दिसला पाहिजे. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवतीताई आल्या. आडनाव सातपुते. समाजसेवा अधीक्षक म्हणून येऊन त्यांना सहा महिने झाले होते. वय जेमतेम सव्वीस. त्या बायकांशी बोलताना खाटेशेजारी खाली फरशीवर बसायच्या. सिस्टरांना ते आवडायचं नाही. सरकारनं खुर्ची कशाला दिलीय, असं त्या म्हणायच्या.

ताईंच्या हातात रिपोर्टचं बुक होतं. चादरी मोजता मोजता मला त्यांनी थांबवलं आणि वाचून दाखवलं.

"'रुग्ण अचानक आक्रमक झाली. काहीही कारण नसताना कर्मचाऱ्यास चावा घेतला.' मावशी, हे तुम्ही सांगितलंत?"

मी म्हटलं, मी एकच शब्द सांगितला. चावली.

"मग बाकीचं?"

"बाकीचं लिहायची रीत असेल."

त्यांनी बुक मिटलं. मग म्हणाल्या की हे कमिटीपुढे गेलं तर द्वारका यंदा सुटत नाही, आणि भाऊ पुन्हा पत्र लिहील असं वाटत नाही. मी म्हटलं, मला वाईट वाटतं, पण चावली तर होतीच. मी काय खोटं सांगितलं?

"केस कापायलाच हवेत असं आहे का?"

"नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

मला राग आला. "ताई, मला काय विचारता? मला वाचता येतं का? लिहिलंच असेल. एवढ्या सगळ्या फायली काय उगाच आहेत?"

ताई मला घेऊनच ऑफिसात गेल्या. तिथं खैरनार क्लार्क होते. पानाचा तोबरा भरून, मान न हलवता बोलायचे. त्यांनी आधी टाळाटाळ केली, मग कपाट उघडलं. आंघोळीचा नियम निघाला, जेवणाचा निघाला, नखं कापायचा निघाला, बागेतल्या फुलांना हात लावू नये असाही एक निघाला. केसांचा निघाला नाही. खैरनारांनी पिकदाणीत थुंकून सांगितलं, "नाही बुवा. असा काही आदेश नाही."

मला तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. मी नवीन लागले त्या साली वॉर्डात उवांचा फार त्रास झाला होता. तेव्हाचे साहेब, म्हणजे रुग्णालयाचे मोठे डॉक्टर, राउंडला आले आणि काशीबाई नावाच्या जुन्या आयाला जाता जाता म्हणाले, कापून टाका सगळ्यांचे एकदा. एकदा म्हणाले होते. पुढच्या महिन्यात काशीबाईनं पुन्हा कापले, कारण साठ डोकी विंचरायला दोघींना दीड दिवस लागायचा आणि कापायला अर्धा. तिच्या हाताखाली मी शिकले. काशीबाई निवृत्त झाली तेव्हा कात्री माझ्याकडे आली. मला वाटायचं, एवढी वर्षं चाललंय म्हणजे वर कुठंतरी लिहिलेलं असणारच. ज्याला वाचता येत नाही, त्याला सगळंच लिहिलेलं वाटतं.

मी हे ताईंना सांगितलं. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं नाही, नुसतं ऐकलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी साहेबांकडे खेटे घालून द्वारकाला खोलीतून बाहेर काढलं. बुधवारी दुपारी शिवणखोलीत आम्ही तिघी बसलो. द्वारकानं डोक्याला अभ्र्याचं कापड गुंडाळलं होतं. इंजेक्शनामुळं तिची जीभ जड होती. ताईंनी कमिटीपुढे वाचायला दोन पानं लिहून आणली होती. चांगली लिहिली होती, ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. द्वारकानं पानं मागून घेतली, स्वतः वाचली आणि परत दिली.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण यातली बाई मी नाही. हिची मला पण दया येतेय."

ताईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय? तसं लिहू."

"लिहून काय करता? तुम्ही बोललात तर ते म्हणतील, बाई नवी आहे, हळवी आहे. मी बोलले तर म्हणतील, वेडीच आहे. मावशी बोलल्या तर काय म्हणतील?"

"मला मेमो द्या म्हणतील," मी म्हटलं.

द्वारका हसली. तोंडावर हात धरला. मग तिनं माझ्या पट्टीकडे बघितलं आणि दुखतंय का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "माझे खांदे दुखतात." आणि पुन्हा मशीनवर बसली.

त्या दिवशी ड्युटी संपताना सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. बाई वाईट नव्हत्या. माझ्या मुलीच्या बाळंतपणात रजा त्यांनीच मिळवून दिली होती. त्या म्हणाल्या, "अनुसया, तू जे सांगितलंस ते मी लिहिलं. आता तू दुसरंच सांगितलंस तर खोटी कोण ठरणार? तू की मी?" वर त्यांनी आठवण करून दिली की माझी नोकरी अजून सात वर्षं आहे आणि घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. ते मला ठाऊक होतं.

गुरुवारी कमिटी साहेबांच्या खोलीत बसली. मधोमध एक निवृत्त न्यायाधीश होते, पांढऱ्या भुवयांचे. द्वारकाला दाराशी उभं केलं होतं. रेवतीताई भिंतीला टेकून होत्या, त्यांच्या हातात ती दोन पानं नव्हती. चावा बसलेल्या कर्मचाऱ्याचा जबाब हवा म्हणून मला बोलावलं. खैरनारांनी जबाब आधीच लिहून ठेवला होता. कागद माझ्यापुढे सरकवला, शाईचं पॅड उघडलं आणि सवयीनं माझा अंगठा धरला.

मी हात मागे घेतला.

माझ्या हातून आजवर किती अंगठे उठले होते ते तेव्हा मनात आलं. माझे स्वतःचे, आणि वॉर्डातल्या बायकांचेही. कुठल्या कागदावर, कशासाठी, हे मी विचारायची नाही. बाईनं हात आखडला तर मी मनगट घट्ट धरायची. माझा अंगठा साफ उठतो, असं खैरनार कौतुकानं म्हणायचे.

"आधी वाचून दाखवा," मी म्हटलं.

खैरनार म्हणाले, तू सांगितलंस तेच आहे. मी म्हटलं, असेल. मग वाचायला काय हरकत आहे? आणि पुढं जे बोलले ते मी ठरवून आले नव्हते. "हिला वाचू द्या. हिला वाचता येतं."

खोलीत कोणीतरी हसलं. खैरनार म्हणाले, साहेब, पेशंटला कसा कागद द्यायचा? न्यायाधीशांनी द्वारकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "द्या," ते म्हणाले.

द्वारका पुढं आली. कागद हातात घेतला. पेपर वाचायची तशीच वाचत गेली. एक अक्षर गाळलं नाही. "'सदर रुग्ण अचानक आक्रमक झाली. काहीही कारण नसताना तिने माझ्या उजव्या मनगटास चावा घेतला. तिच्यापासून इतरांना धोका आहे.'" शेवटपर्यंत वाचलं, कागद टेबलावर ठेवला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. खोटं आहे असं म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"बरोबर आहे?" न्यायाधीशांनी मला विचारलं.

"चावली हे बरोबर आहे," मी म्हटलं. "कारण होतं."

"काय कारण?"

"कात्री माझ्या हातात होती."

मग मी सगळं सांगितलं. ती आधी नको म्हणाली. मग हात जोडले. गुरुवारी मला सोडतील, मावशी, तीनच दिवस थांबा, असं म्हणाली. मी नियम आहे म्हटलं. ती उठून जायला लागली तेव्हा दोघी आयांनी तिचे हात मागे धरले आणि तिसरीनं पायांवर बसून पाय दाबले. मी डाव्या बाजूचे केस कापले. उजव्या बाजूला आले तेव्हा माझं मनगट तिच्या तोंडापाशी आलं. तिच्या अंगात तेवढं एक तोंडच मोकळं राहिलं होतं.

"आणि उजवी बाजू?" न्यायाधीशांनी विचारलं.

"इंजेक्शन दिल्यावर, कोंडलं होतं त्या खोलीत जाऊन कापली."

साहेबांनी सिस्टरांकडे बघितलं, सिस्टरांनी जमिनीकडे. मी म्हटलं, यात सिस्टरांचा दोष नाही, त्यांनी विचारलं तेवढं मी सांगितलं, आणि मीच पुढचं सांगितलं नाही. मग मला जे विचारायचं होतं ते विचारून टाकलं. केस कापायचा नियम कुठे लिहिलाय? साहेब म्हणाले, बघावं लागेल. खैरनार म्हणाले, बघितलंय, नाही. त्या माणसानं आयुष्यात एकदाच एवढं चटकन उत्तर दिलं असेल.

जबाब नव्यानं लिहिला. द्वारकानं पुन्हा वाचला. मग मी अंगठा दिला.

त्या दिवशी तिला लगेच सोडलं नाही. भावाला बोलावून घ्या, असं लिहिलं गेलं. तो यायला तीन आठवडे लागले. मला मेमो मिळाला. तो मला वाचता आला नाही, म्हणून तेव्हा फारसा लागला नाही. सिस्टर माझ्याशी दोन महिने कामापुरतं बोलल्या. पुढच्या पहिल्या सोमवारी मी कात्री घेऊन एकेकीला विचारत फिरले. सतरा जणी कापा म्हणाल्या. काही जणी बोलल्याच नाहीत, त्यांचे केस मी राहू दिले. बाकीच्या नको म्हणाल्या. त्या सगळ्यांची डोकी विंचरता विंचरता आमचे हात मोडले. कुसुम नावाची माझी जोडीदारीण दातओठ खात म्हणाली, "तुझ्या खरं बोलण्याच्या उवा आम्ही वेचायच्या का?"

त्या तीन आठवड्यांत द्वारकानं मला शिकवायला घेतलं. मी मागितलं नव्हतं. शिवणखोलीत कापडावर खुणा करायचा निळा खडू असतो, त्यानं जुन्या चादरीवर लिहायची. पहिला शब्द तिनं 'कारण' शिकवला. मी म्हटलं, लोक आधी नाव शिकतात. ती म्हणाली, "नाव तुम्हाला माहीत आहे."

माझं वय तेव्हा एक्कावन्न. काना आणि मात्रा यांतला फरक कळायला मला आठ दिवस लागले. पुढचं मी गावातल्या प्रौढांच्या वर्गात शिकले.

ती गेली त्या दिवशी फाटकापाशी मी तिच्या डोक्यावरून पदर ओढायला गेले. केस बोटभर वाढले होते. तिनं माझा हात बाजूला केला, जोरात नाही. भावाच्या पुढं चालायला लागली.

सहा महिन्यांनी पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, वाचून देऊ का मावशी? मी नको म्हटलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलं होतं, तरी मला वाचायला दोन दिवस लागले. तिनं लिहिलं होतं: "आईनं डोक्यावरून हात फिरवला. विचारलं, केस कोणी कापले? मी सगळं सांगितलं, दवाखान्याचं पण. तुमचं नाव सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही. आता म्हणते, त्या बाईला एकदा घेऊन ये."

संक्रांत झाल्यावर मी गेले. दोन एसट्या बदलून तिच्या गावाला, पिंपळदरीला, पोचायला दुपार झाली. मनात भीती होती. म्हातारी शिव्या देईल, देऊ दे, असं ठरवून गेले होते.

ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. द्वारका म्हणाली, "आई, अनुसयामावशी आल्या." म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि हात पुढं केला. मला वाटलं, माझ्या डोक्यावर ठेवणार. तिनं माझा उजवा हात शोधून घेतला आणि मनगटावर बोटं फिरवायला लागली. एक, दोन, तीन. चौथ्या खुणेवर, त्या आडव्या खुणेवर, तिचा अंगठा थांबला.

"हा आमच्या पोरीचाच दात," ती म्हणाली. "दुधाचा पडायच्या आत दुसरा आला, तो वाकडाच राहिला. म्हणून तोंड झाकते."

अंगठा तिथंच होता. मी हात मागे घेतला नाही.

"दुखलं असेल," म्हातारी म्हणाली.

"दुखलं."

"दुखायलाच पाहिजे होतं." मग तिनं माझा हात सोडला आणि घरात तोंड करून म्हणाली, "द्वारके, हिला ताट कर. लांबून आलीय."